पिंपात गेलेले एक्केचाळीस दिवस

मिस्त्रीला इंग्रजी येत नव्हतं. यंत्रावर रंगवलेले ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘डेंजर’ हे शब्द आणि रविवारी चर्चच्या दारात हात मिळवताना लागणारे दोन-तीन, एवढ्यावर त्याचा गाडा चालला होता. तरीही एकोणतीस वर्षं, रोज दुपारी साडेचारच्या ठोक्याला, अर्धा तास इंग्रजी समुद्रापार पोचवणारा माणूस तोच होता. मिशनचं ते रेडिओ केंद्र, त्याचा ट्रान्समीटर, मागच्या माळावरचा एरियलचा मनोरा, सगळं त्याच्या हाताखाली. कुठल्या कुठल्या देशांतून पत्रं यायची. तुमचं प्रवचन ऐकून धीर आला म्हणायची. मिस्त्री ती उलटसुलट करून त्यांवरची तिकिटं बघायचा.

“प्रवचन त्यांचं, पण पोचवलं कुणी?” असं तो बायकोला विचारायचा.

“पोस्टमनही घरी जाऊन हेच म्हणत असेल,” बायको म्हणायची.

तो आला होता इमारतीचं वायरिंग करायला, आणि राहिला. पदवीवाले इंजिनिअर दोनदा आले आणि माळावरचा एकांत सोसेना म्हणून दोनदा पळाले. मग मिशननं नाद सोडला आणि यंत्र मिस्त्रीच्या ओटीत घातलं. त्यानंही ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं, हे कबूल करायलाच हवं. फक्त आपल्या हातून चूक होऊ शकते हे तो हळूहळू विसरत गेला, आणि त्याला आठवण करून देणारं कुणी उरलं नव्हतं.

एकदा ट्रान्समीटरचा मुख्य व्हॉल्व्ह, म्हणजे लहरींना जोर देणारी मोठी काचेची नळी, जळाला. तीन दिवस केंद्र मुकं होतं. चौथ्या दिवशी मिस्त्रीनं नवा व्हॉल्व्ह बसवला आणि चाचणी घेतली. ही चाचणी हवेत घेत नाहीत, भलत्या वेळी आवाज गेला तर दुसऱ्या केंद्रांच्या कार्यक्रमात लुडबूड होते. त्यासाठी मनोऱ्याच्या पायथ्याशी एका खोलीत तेलाचं मोठं पिंप होतं आणि भिंतीवर एक हँडल. हँडल खाली ओढलं की सगळी वीज पिंपात जाऊन नुसतं तेल तापवायची. वर केलं की एरियलला जायची. ट्रान्समीटरला यातलं काही कळत नाही. त्याच्या पॅनेलवरचे काटे दोन्ही वेळा सारखेच ताठ उभे राहतात.

त्या दिवशी ते तसे उभे राहिले, आणि मिस्त्रीनं सगळ्यांना बघायला बोलावलं. केंद्राचे प्रमुख असलेल्या पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. कार्यक्रम वाचणाऱ्या बाईंनी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या बाईंनी, स्वतः चहा करून आणला. मिस्त्रीची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी राहिली. या कौतुकात माळावर जाऊन हँडल वर करायचं राहून गेलं.

रोज त्या खोलीत एक फेरी मारायची असा नियम होता. पण गुडघा दुखत होता, वाट खडीची होती, आणि काटे तर ताठ होते. मिस्त्री खुर्चीत बसूनच वहीत ‘पाहिले’ लिहायचा आणि सही ठोकायचा. स्टुडिओतल्या रेडिओवर आवाज खणखणीत यायचा. हाकेच्या अंतरावरच्या रेडिओला यंत्रातून आणि तारांतून झिरपणारंही पुरतं.

नेमकं त्या चाचणीच्या दिवशीच एका आईचं पत्र आलं होतं. मुलगा भांडून घर सोडून गेला, आता मासेमारीच्या मोठ्या बोटीवर कामाला आहे, कुठल्या समुद्रात ते ठाऊक नाही. घरात एकच रेडिओ होता. त्यावर तो लहान असल्यापासून दोघं मिळून केंद्राचा हा अर्धा तास ऐकायची. जाताना तो रेडिओ घेऊन गेला. ‘मला आता तुमचा कार्यक्रम ऐकू येत नाही,’ तिनं लिहिलं होतं, ‘पण तो ऐकत असणार. माझं ऑपरेशन व्हायचं आहे. त्याच्यासाठी एवढा निरोप वाचा.’ बाईंनी तिला उलट टपाली कळवलं, रोज वाचू. आणि त्या रोज वाचू लागल्या.

“बाई, हे काय वाचता? तुमचा आवाज वेगळाच लागतो,” मिस्त्रीनं एकदा विचारलं.

बाईंनी त्याला शब्दन् शब्द समजावून सांगितला. तुझी आई तुझ्यावर रागावलेली नाही. तू बोललास ते ती विसरली आहे. दाराला कडी लावलेली नाही. ये. एवढंच होतं. पण एकोणतीस वर्षांत मिस्त्रीला पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत कळलेलं तेवढंच इंग्रजी. निरोप सुरू झाला की तो हातातलं काम थांबवायचा, काट्यांकडे बघायचा आणि मनात म्हणायचा, जा बाबा, पोच.

बेचाळिसाव्या दिवशी टपालात दोन पाकिटं आली. पहिलं एका जुन्या श्रोत्याचं. हा गृहस्थ आवाज किती स्पष्ट आला, खरखर किती होती, हे तारीखवार लिहून पाठवायचा आणि बदल्यात केंद्राचं रंगीत कार्ड जमवायचा. या वेळी त्यानं तारखांपुढे एकच शब्द लिहिला होता. तो बाईंनी वाचला आणि मिस्त्रीकडे बघितलं.

“काहीच नाही, असं लिहिलंय त्यांनी. रोज. त्या तीन दिवसांनंतरही काहीच नाही.”

“त्याचा रेडिओ बिघडला असेल,” मिस्त्री म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला ते हँडल आठवलं.

खडीवरून तो धावत गेला, गुडघ्यासकट. कुलूप उघडलं. हँडल खाली होतं. त्यानं पिंपाला हात लावून बघितला, मग दुसरा हात लावला, आणि तिथेच जमिनीवर बसला. रडायला येईल असं त्याला वाटलं, पण तेही येईना. एक्केचाळीस प्रवचनं, एक्केचाळीस प्रार्थना आणि एक निरोप एक्केचाळीस वेळा, हे सगळं त्या तेलात गेलं होतं. आणि वहीत एक्केचाळीस वेळा त्याची सही होती.

हँडल वर करून तो परत आला तेव्हा बाई दुसरं पाकीट उघडून बसल्या होत्या. ते आईचं होतं.

“वाचा,” मिस्त्री म्हणाला.

“नको आत्ता.”

“बाई, वाचा.”

आईनं लिहिलं होतं की ऑपरेशन झालं, डॉक्टर फारसं काही बोलत नाहीत. तुम्ही रोज वाचलंत, तुमचे उपकार आहेत. त्यानं ऐकलं आणि तो आला नाही. आता मला समजलं. यापुढे वाचू नका. मी दाराला कडी लावायला लागले आहे.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगायला हवं. मिस्त्रीनं सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

“दर आठवड्याला मी मुख्यालयाला ‘प्रसारण नियमित’ असं कळवलंय,” ते म्हणाले. “आता हे बाहेर पडलं तर इंग्रजी सेवा बंद होईल. त्यांना निमित्तच हवंय. आजपासून सगळं नीट चाललंय ना? मग झालं. कुणाला काही लिहू नका.”

“आणि ती आई? तिला वाटतंय पोरानं ऐकून पाठ फिरवली.”

“तिनंच सांगितलंय वाचू नका.”

“साहेब, माझ्यामुळे ती दाराला कडी लावतेय.”

“मिस्त्री, एका दारासाठी सगळ्यांचा रेडिओ बंद करू का? सांगा तुम्हीच.”

मिस्त्री किल्ल्या उचलून निघाला. घरी जाऊन तो जेवला नाही. बायकोनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट उचललं आणि समोर बसली. त्यानं सांगितलं. एरवी तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्या दिवशी ती गप्प राहिली, आणि मिस्त्रीला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली.

“सह्या खोट्या केल्यात?” शेवटी तिनं विचारलं.

“केल्या.”

“मग आता एक खरी करा.”

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या घरी गेला. तो सांगत गेला, बाई इंग्रजीत लिहीत गेल्या. तुमचा निरोप एकदाही बाहेर पडला नाही. चूक माझी. तुमच्या मुलानं ऐकलंच नाही, तर येईल कसा? कडी काढा. कालपासून निरोप खरोखर जातो आहे. बाईंनी पाळकसाहेबांची मनाई मोडून हे लिहिलं, आणि निरोपही रोज वाचत राहिल्या. साहेब स्टुडिओच्या काचेपलीकडून बघायचे आणि निघून जायचे. मिस्त्री आता दिवसातून तीनदा मनोऱ्याच्या खोलीत जाऊ लागला. हँडल वर आहे हे डोळ्यांनी बघायचा, हातानं चाचपायचा, बाहेर येऊन कुलूप लावायचा आणि पुन्हा उघडून बघायचा. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. बायको रोज त्यावर शेक द्यायची आणि पुन्हा बोलायला लागली होती, तेवढाच त्याला आधार.

निरोप खरोखर जाऊ लागल्यापासून तेविसाव्या दिवशी आईचं उत्तर आलं. बाईंनी ते वाचलं तेव्हा दोघंही रडली. तिनं कडी काढली होती. ‘त्यानं नाही म्हटलेलंच नाही, हे तुम्ही मला सांगितलंत. आता मी पहिल्यापासून दिवस मोजते. तेवढेच एक्केचाळीस दिवस पुन्हा वाचा. तेवढे दिवस डॉक्टर देतील असं वाटतं.’ आणि खाली आनंदानं लिहिलं होतं, की असा प्रामाणिक माणूस तुमच्याकडे आहे हे कळावं म्हणून, कार्यक्रमपत्रिकेवर छापलेल्या पत्त्यावर, तुमच्या मुख्यालयालाही मी आभाराचं पत्र पाठवलं आहे.

मिस्त्रीच्या आधी बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मुख्यालयाला वेळ लागला नाही. एक्केचाळिसाव्या नव्हे, बत्तिसाव्या दिवशीच शेवटचं इंग्रजी प्रसारण होईल, असा आदेश आला. पाळकसाहेबांची बदली झाली. जाताना ते मिस्त्रीला रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात मिळवला.

शेवटच्या दिवशी बाईंनी प्रवचन बाजूला ठेवलं. अर्धा तास त्यांनी दुसरं काहीच वाचलं नाही. तोच निरोप, थांबून, पुन्हा तोच. घसा बसला तेव्हा त्यांनी मिस्त्रीला खूण केली. मिस्त्री माईकपुढे बसला आणि त्यानं आपल्या तोडक्यामोडक्या उच्चारांत त्या चार ओळी म्हटल्या, पाठ असलेल्या. जगात कुणी ऐकलं असेल तर त्याला ते इंग्रजी वाटलं असेल की नाही, देव जाणे. पाच वाजता त्यानं स्वतःच्या हातानं यंत्र बंद केलं. त्या लहरीवरचा पुढचा वेळ दुसऱ्या कुठल्यातरी केंद्राचा होता.

मग दोघं आईला पत्र लिहायला बसली. नऊ दिवस कमी पडले, हे लिहून झालं. आता पुढे कधीच वाचता येणार नाही, हेही झालं. त्या बत्तीस दिवसांत बोट कुठे होती, रेडिओ चालू होता का, पोरानं ऐकलं की नाही, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. आधी निदान तिला वाटत होतं, आपल्याला समजलं. तेवढंही मिस्त्रीनं काढून घेतलं होतं, आणि हे त्याला तिथे बसल्यावर स्पष्ट दिसलं.

बाईंनी पेन उचललं. “शेवटी काय लिहू? वाट बघा, की बघू नका?”

मिस्त्रीनं गुडघा चोळला.

“बघा, असं लिहा,” तो म्हणाला. “आणि खाली केंद्राचं नाव घालू नका, माझं घाला. घरचा पत्ताही द्या. बघून बघून थकल्या, तर शिव्या कुणाला द्यायच्या ते त्यांना माहीत असू दे.”