हजेरीची बाग

मी आज जो काही आहे तो किनवटच्या वसतिगृहातल्या आमच्या रेक्टर सरांमुळे, आणि मेलेल्या माणसांना शिस्त लावणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस साऱ्या मराठवाड्यात सापडणार नाही. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. परीक्षेच्या दिवसांत सर पहाटे पायाचा अंगठा ओढून आम्हाला उठवायचे. पावलांचा आवाज कधी यायचा नाही; अंगठ्याला तो ऊबदार हात लागला की समजायचं, सर आले. एकदा ते नांदेडला मुक्कामी गेले असतानाही सगळ्यांचे अंगठे ओढले गेले. परत आल्यावर आम्ही घाबरत विचारलं, तर म्हणाले, "मग? मी न्हाई म्हणून झोपून राहायचं का?"

निवृत्त झाल्यावर ते लोह्याजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. कोरोनात गावातली बरीच माणसं गेली. त्यांना ना खांदा मिळाला, ना त्यांचं तेरावं झालं. माझे वडील त्यातच गेले. सरांनी घरोघर फिरून गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एक रोप मागितलं आणि तलावाकाठच्या गायरानावर बाग उभी केली. पाणी सारं गाव घालायचं. हजेरी मात्र सरच घ्यायचे, भर दुपारी, सगळी नावं तोंडपाठ. "गयाबाई!" म्हटलं की वारा नसताना बकुळीची पानं हलायची. एखादं झाड हललं नाही तर सर खेकसायचे, "लई झोपा काढून राहिले! मेल्यावर तरी वेळ पाळा की!" कोपऱ्यात एक कडुनिंब त्यांनी स्वतःच्याच नावानं लावला होता. सर्वांत शेवटी "रेक्टर!" अशी हाक मारून ते स्वतःच "हजर" म्हणायचे. आईनं एकदा हटकलं, "सर, जित्या माणसाचं झाड लावू न्हाई." ते म्हणाले, "ताई, माझ्यामागं हाक मारणारं कोण हाय? म्हणून आधीच सोय करून ठेवली."

माझं लग्न ठरलं. मुलगी लातूरची, माझ्यासारखीच शिक्षिका. सरांनी फर्मान काढलं, लग्न बागेतच. दोन्हीकडची मोजकी माणसं, वरण-भात आणि बुंदी. मानपान मात्र दणक्यात. पुरुषांच्या झाडांना टॉवेल-टोपी, बायकांच्या झाडांना खण. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वऱ्हाड केव्हाच येऊन गुपचूप उभं आहे. मुलीच्या मामांनी विचारलं, "सर, पंगतीला हे पण बसणार काय?" सर म्हणाले, "न्हाई, त्यांचं झालंय."

अक्षता पडल्या, व्याहीभेट आली. सरांनी माझ्या सासऱ्यांना वडिलांच्या जांभळापाशी नेलं. "हे तुमचे व्याही. भेटा." सासऱ्यांनी इकडंतिकडं बघत बुंध्याला मिठी मारली. लोक हसत होते. मिठी काही सुटेना. अखेर ते मागं सरकले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "पाठीवर थाप मारली हो कुणीतरी." त्यांच्या मागं कोणीच नव्हतं. आई तोंडाला पदर लावून खाली बसली. गळाभेट घेताना पाठीवर जोरात थाप मारायची, ही वडिलांची सवय लातूरच्या माणसाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सर शांतपणे म्हणाले, "हाव. म्हणजे बरा हाय तो."

आता सर स्वतः लातूरला दवाखान्यात आहेत. ऑपरेशन करायला तयार नाहीत. "माझं झाड लागलंय, आता काय राहिलं?" एवढंच म्हणतात. फोन घेत नाहीत. कानात सांगितलेलं टिकत नाही, असं त्यांचं मत आहे. म्हणून मी हे पत्र पाठवलं:

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार. सुट्टीत गावी आलो आहे. हजेरी मी घेतो. आधी कोणीच हललं नाही. तुमच्यासारखं खेकसलो, तेव्हा गयाबाई हलल्या, मग बाकीचे. शेवटी कडुनिंबापाशी आलो. 'रेक्टर' म्हणायला तोंड उघडलं आणि सारी बाग गप्प झाली, कान देऊन ऐकत असल्यासारखी. मी हाक मारली नाही, सर. मारली असती आणि तिथून उत्तर आलं असतं, तर?
तुम्हाला वाटतं, हाक मारणारं कोणी नाही. मी आहे. पण एवढ्यात मारणार नाही. आज पहाटे माझा अंगठा ओढला गेला. हात अजून ऊबदार होता, म्हणून घाईनं लिहीत आहे. ऑपरेशन करून घ्या. तोवर तुमची गैरहजेरी लावतो. नियम तुमचाच आहे: गैरहजर राहिलेल्यानं स्वतः येऊन कारण सांगायचं.
आपला विद्यार्थी