शिट्टी बंद, गाडी बंद

माझी पोस्टिंग उत्तर सीमेवर लष्कराच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होती. ट्रेड ड्रायव्हर एमटी, रँक नायक, गाडी थ्री-टनर ट्रक. सकाळी पाचला फर्स्ट परेड, म्हणजे तेल, पाणी, टायर, ब्रेक, दिवे आणि आरसे यांची तपासणी. सहाला कॉन्व्हॉय, गाड्यांचा ताफा, सुटायचा. दिवस मावळायच्या आत परत यायचं. सात वर्षं हेच केलं.

गाडी मागे घेण्याचा आमच्याकडे एक नियम होता. को-ड्रायव्हरने खाली उतरायचं, गाडीच्या मागे उभं राहायचं आणि शिट्टी वाजवायची. शिट्टी चालू तोवर गाडी चालू. शिट्टी बंद, गाडी बंद. तिथे ड्रायव्हरने स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

माझा को-ड्रायव्हर सिपाही भटू पाटील. दोघंही खान्देशातले. आम्ही अहिराणीत भांडायचो, त्यामुळे साहेबांना काही कळायचं नाही. मी तापट, तो थंड. मी गिअर आपटला की तो म्हणायचा, "गाडी सरकारनी शे, सासरानी नही." भटू नोकरीतच गेला. तेव्हा त्याची मुलगी हर्षाली तीन वर्षांची होती.

पेन्शनवर आल्यावर मी सुरतेला आलो. उधन्यात एका मिलच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. आज माझे तीन टेम्पो आहेत, कापडाचे तागे वाहतात. कोणाच्या मेहरबानीने नाही. भाव करायला मी इथे शिकलो आणि त्यात मला सहसा कोणी हरवत नाही. भटूची बायको कवितावहिनी डिंडोलीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते, साड्यांना स्टोन लावायचं काम करते. हर्षाली आता एकवीस वर्षांची आहे. तिला एका साडीच्या गोदामात पार्सल व्हॅन चालवायचं काम मिळत होतं. मालकीणबाईंची एकच अट होती. लायसन्स दाखव आणि कामावर ये.

लर्निंग लायसन्स तिने स्वतः काढलं. गाडी शिकवायचं माझ्याकडे आलं. मी ड्रायव्हिंग स्कूलवाल्याशी भाव करून सकाळच्या वेळेला त्याची गाडी घेतली. डिंडोलीच्या पुढे एक अर्धवट रस्ता आहे, तिथे चुन्याने टेस्टचा ट्रॅक आखला. आठचा आकडा, चढ, पार्किंग आणि रिव्हर्स एस, म्हणजे एस आकाराच्या पट्ट्यातून गाडी उलटी बाहेर काढणं. कडेला पाण्याचे निळे कॅन ठेवले. लिंबायतच्या बाजारातून प्लास्टिकची शिट्टी आणली. मला जसं शिकवलं होतं तसंच मी शिकवलं. दीड महिन्यात पोरगी शिट्टीवर एकाही कॅनला न लागता उलटी येऊ लागली.

पहिली टेस्ट आरटीओत, गुरुवारी सकाळी दहा वीसला. ट्रॅकवर सेन्सर आणि कॅमेरे. गाडीत उमेदवार एकटा, बाकी सगळे जाळीच्या बाहेर. आठ झाला. चढ झाला. पार्किंग झालं. रिव्हर्स एसच्या मध्यावर, जिथे पहिलं वळण संपून दुसरं लागतं, तिथे गाडी थांबली. काही लागलं नव्हतं, इंजिनही बंद पडलं नव्हतं. नुसती उभी राहिली. पडद्यावर वेळ संपली आणि लाल अक्षरं आली.

ती जाळीबाहेर आली.

"काय व्हयनं?" मी विचारलं.

"काका, मी शिट्टीनी वाट देखी ऱ्हायंतू."

मला राग आला. तिचा नाही. पण निघाला तो समोर दिसेल त्याच्यावर. गेटपाशी एक एजंट उभा होता. तो म्हणाला, "फौजीभाई, शुं करवा हेरान थाव छो? मी आहे ना." मी त्याला असं काही सुनावलं की तो पानाच्या गाडीमागे गेला. मग मी इन्स्पेक्टरांच्या खिडकीवर गेलो. तरुण माणूस होता, शांत.

"साहेब, पुढच्या वेळी मला आत उभं राहू द्या. मी बोलणार नाही. फक्त शिट्टी."

"अंदर कोई नहीं जाएगा, अंकल."

"जाळीच्या बाहेरून वाजवतो."

"नाही."

"एकदाच. मध्यावर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अंकल, कल ये रोड पे अकेली होगी. तब सीटी कौन बजाएगा?"

मी आयुष्यात भाव करताना मागे हटलो नव्हतो. तिथे हटलो आणि पुढची तारीख मागितली.

पुढची तारीख आठ दिवसांनंतरची, शुक्रवारची मिळाली. हर्षालीने मालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारपर्यंत थांबते. मंगळवारी दुसरी मुलगी ठेवीन." म्हणजे शुक्रवारी चुकलं की काम गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शिट्टी खिशात ठेवली आणि सांगितलं, "फक्त आरसे." ती एक मीटर यायची आणि थांबायची. मी ओरडायचो. ती आणखी थांबायची. तीन दिवस असेच गेले. दोन कॅन चेपले. चौथ्या दिवशी तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि म्हणाली, "माझ्यावर ओरडू नका, काका. थांबायला तुम्हीच शिकवलंय. आई एवढंच सांगते की बाबांची शिट्टी बंद झाली. आधी सांगा, त्या दिवशी काय झालं होतं?"

अठरा वर्षांत तिने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला बसून सांगितलं.

सकाळचे नऊ चाळीस. कॉन्व्हॉयमध्ये माझी गाडी शेवटची. मागे अकरा जवान. गाडीत रेडिओ सेट होता.

"आगे रास्ता बंद. स्लाइड. सब गाडी रिव्हर्स, पासिंग पॉइंट तक. को-ड्रायव्हर नीचे. ओव्हर."

"रॉजर. आउट."

पुढे दरड कोसळली होती, रस्ता रुंद होतो तिथपर्यंत उलटं यायचं होतं. डावीकडे दरी. भटू उतरला. जाताना म्हणाला, "आरामशीर ये. घाई नको करू." शिट्टी सुरू झाली. तो मला आरशात दिसत होता. वळणावर तो आरशातून गेला, फक्त आवाज राहिला. मी आवाजावर चाळीस मीटर मागे आलो. शिट्टी बंद झाली. मी ब्रेक मारला.

मला वाटलं दम घेतोय. दहा सेकंद थांबलो. मग ओरडलो, "भट्या, वाजाड ना! झोपी गया का?" वर एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही. मागच्या जवानांनी पत्रा बडवला तेव्हा मी उतरलो. मागचं डावं चाक कडेपासून एक वीत लांब होतं. भटू जिथे उभा असायला हवा होता तिथे रस्ता नव्हता. कडच खाली गेली होती. जाईपर्यंत तो शिट्टी वाजवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला.

कागदावर "रस्ता अपघात" असं आलं. गावाकडच्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव नाही. मी नऊ अर्ज केले. उत्तर एकच, अपघातात गेलेल्यांची नावं तिथे येत नाहीत. जी अकरा माणसं जिवंत घरी गेली ती कोणत्या रकान्यात धरली, असं मी विचारलं. त्याला उत्तर आलं नाही. हा राग माझा अजून गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

हर्षालीने चेपलेला कॅन उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही थांबलात म्हणून अकराजण वाचले."

"हो."

"आणि मी थांबले म्हणून नापास झाले."

"हो."

"मग आता?"

"तुझ्या मागे कोणी उभं नाही. कोणी उभं राहायलाही नको. आरसा बघ आणि तू ठरव."

ती गाडीत बसली. त्या दिवशीही एक कॅन चेपला, पण मध्यावर गाडी थांबली नाही.

शुक्रवार, अकरा वाजता. कवितावहिनी काम सोडून आली होती. जाळीपाशी तिने हात पुढे केला.

"भाऊजी, ती शिट्टी इकडे द्या."

"मी वाजवणार नाही."

"तुमचा भरवसा नाही. द्या."

मी दिली. तिने ती मुठीत धरली.

आठ, चढ, पार्किंग. अकरा बारा. गाडी रिव्हर्स एसमध्ये शिरली. पहिलं वळण. मध्य. गाडी थांबली, त्याच जागी.

पडद्यावर सेकंद उतरत होते. मी जाळी धरली. तोंड उघडलं.

"गप बसा, भाऊजी," वहिनी म्हणाली. तिने शिट्टीची मूठ पाठीमागे नेली.

गाडीतलं डोकं डावीकडे वळलं. उजवीकडे वळलं. पुन्हा डावीकडे. मागचे पांढरे दिवे लागलेलेच होते. गाडी हलली. दुसरं वळण तिने हळू घेतलं, इतकं हळू की मी मनात भटूला म्हणालो, ही तुझ्यावर गेली. गाडी शेवटच्या रेषेपलीकडे आली तेव्हा सहा सेकंद उरले होते. पडद्यावर हिरवी अक्षरं आली.

इन्स्पेक्टर खिडकीतून माझ्याकडे बघत होते. मी सॅल्यूट केला नाही. मान हलवली.

सोमवारी तिने मोबाइलवर लायसन्स दाखवलं आणि व्हॅनची चावी घेतली. कार्ड तीन आठवड्यांनी टपालाने आलं. ती सकाळी सहाला व्हॅन घेऊन माझ्या दारात आली आणि खिडकीतून कार्ड पुढे केलं. मी चष्मा लावला. वर तिचं नाव होतं. खाली वडिलांच्या नावाच्या जागी भटूचं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट, पूर्ण छापलेलं.

मी ते दोनदा वाचलं. कार्ड परत दिलं.

"फर्स्ट परेड केलीस?"

"तेल, पाणी, टायर, ब्रेक, दिवे."

"आरसे?"

तिने ओढणीच्या टोकाने दोन्ही आरसे पुसले. आमची गल्ली पुढून बंद आहे, गाडी उलटीच बाहेर काढावी लागते. मी दारातच उभा राहिलो. ती आरशांत बघत उलटी बाहेर गेली.