शाळा बघावी ती सुटताना

वन्सं गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्यावर रागावलेलीच होते. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कुणी गोड मानून वाचणार नाही. भर सकाळी, ड्युटीवर निघाल्या असताना, कळस गावाजवळ उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली सुटली आणि त्यांच्या स्कूटीवर आली. ह्यांनी फोन ठेवला आणि भिंतीवर डोकं आपटलं. सख्खी बहीण ती. मी ओट्यापाशी तशीच उभी. माझ्या मनात आदल्या संध्याकाळचं भांडण चालू होतं... महिना होऊन गेला तरी ते थांबत नाही.

सुलोचना माझी थोरली नणंद, बारामती-इंदापूर गाडीवर एसटीची कंडक्टर. नवऱ्याने मारून दोन दात पाडले तेव्हा तिसऱ्याची वाट न बघता त्या माहेरी आल्या, परीक्षा दिली आणि अंगावर खाकी चढवली. जीभ तिखट, हात त्याहून तिखट. दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना कॉलरला धरून आत ओढायच्या आणि वर एक ठेवून द्यायच्या. पोरं त्यांना आत्या म्हणायची ती भीतीने की मायेने, ते मला कधी कळलं नाही.

माझी मुलगी सई आता सात वर्षांची आहे. चौथ्या वर्षी ती वर्तमानपत्र वाचायची, सहाव्या वर्षी पाचवीच्या शिष्यवृत्तीची गणितं फरशीवर पालथी पडून सोडवायची, पण तहान लागलीय हे तिला सांगता यायचं नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, मूल स्वमग्न आहे आणि बुद्धी वयाच्या फार पुढे. मिक्सर लागला, घंटा वाजली, कुणी अवचित हात लावला, की ती कपाळ आपटायची, रक्त येईपर्यंत. धरायला गेलं की चावायची. माझ्या दंडावर तिच्या दातांचे व्रण आहेत. अशा मुलीला पहिलीत घालायचं कुठे, ह्या एका प्रश्नाने आमच्या जळोचीच्या घरात वर्षभर कुणाला घास गोड लागला नाही.

मी इस्त्रीची साडी नेसून सकाळी सकाळी शाळा बघत हिंडायचे. वन्सं हसायच्या. "सकाळी काय बघतीस शुभे? सकाळी समद्या शाळा देवळावानी दिसत्यात. सुटल्यावर पोरं गाडीत कशी चढत्यात ते बघ. ज्येंनी दिवसभर मार खाल्ल्याला असतो ती चढली की बारक्यांना बडवत्यात. कुठंतरी काढायला लागतोच की तो!" सबंध रस्त्यावरच्या शाळा त्यांनी अशाच जोखल्या होत्या, आणि पास झाली होती एकच, वरकुटं गावची. जिल्हा परिषदेची, दोन मास्तरांची. "ती पोरं भांडत्यात, पन हात उचलत न्हाईत." मला हसू आलं. शाळा निवडायची ही काय रीत झाली?

मी बारामतीतली काचेची इमारत निवडली. सईचं गणित बघून तिथले लोक हरखले. पाहुणे आले की तिला पुढे उभं करून गुणाकार करायला लावायचे. दुसऱ्या महिन्यात तिच्या मनगटांवर काळेनिळे वळ दिसले. घंटेच्या वेळी तिने डोकं आपटू नये म्हणून तिचे हात बाकाला बांधायचे, तिच्याच वेणीच्या रिबिनींनी. मी रडत बसले. वन्संना कळलं तशा त्या ड्युटीवरून थेट शाळेत गेल्या आणि मी मागे धावले. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, "तिच्या सुरक्षेसाठीच..." वाक्य पुरं झालं नाही. वन्संच्या हातात तिकिटाचं मशीन होतं. पहिल्या फटक्यात केबिनची काच गेली, दुसऱ्यात बाईंचा ओठ फाटला, टेबलावरच्या प्रवेशाच्या अर्जांवर रक्त सांडलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण काचेच्या आवाजाने बाहेर उभी असलेली सई भिंतीवर कपाळ आपटू लागली आणि थांबेचना. शेवटी मी तिला खाली पाडून तिच्यावर आडवी पडले. वन्सं दारात उभ्या राहून ते बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

वन्सं काही महिने निलंबित झाल्या. आम्ही पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. 'त्या कंडक्टरणीच्या भाची'ला बारामतीत कुणी फाटक उघडेना. मग उरलं वरकुटं. वन्सं कामावर परत आल्या तशी त्यांच्याच गाडीतून सई तिकडे जाऊ लागली, मी दातओठ खात पाठवायचे आणि गुपचूप पुण्याच्या शाळांना अर्ज करायचे. एका शाळेचं बोलावणं आलं. त्या संध्याकाळी मी वन्संना सांगून टाकलं, की सईला काढणार.

"जीव रमलाय तिचा तितं. एक डाव तिच्यासंगं गाडीत बसून बघ, मग ने," त्या म्हणाल्या.

"शाळेची पारख तुम्ही मला शिकवू नका! माझ्या पोरीचं कपाळ तुमच्यामुळे फुटलं. मारकुट्या बाईला जिकडे तिकडे मारच दिसायचा."

त्यांनी चप्पल पायात सरकवली. "व्हय, मारकुटीच हाय मी. म्हनून तर वळखती," म्हणाल्या आणि कळसच्या आपल्या खोलीवर गेल्या. तेच शेवटचं.

तेरावा झाल्यावर सईला घेऊन मी पहिल्यांदा त्या गाडीत चढले. दुसरा कंडक्टर बघताच सई किंचाळू लागली, "आत्या! आत्या!" वाटेत वस्त्यांवरून वरकुट्याच्या शाळेची पोरं चढत होती. मी सईचा हात दाबला, ती चावली, आणि मी तिला मारलं. पाठीत, दंडावर, तोंडावर. ट्रॉलीवाल्याला मारत होते, वन्संना मारत होते, की स्वतःला, कोण जाणे. लोक ओरडले. माझा हात थांबत नव्हता.

तेवढ्यात ती पोरं खाली बसली. चालत्या गाडीत, एकेक करून, दप्तर मांडीवर घेऊन, आमच्याभोवती जागा सोडून. सईला कुणी हात लावला नाही, मला कुणी अडवलं नाही. तिसरी-चौथीतली एक मुलगी मान वर करून म्हणाली, "काकू, तुमी बी बसा खाली. कुनी चिडलं की सर असंच बसत्यात."

मी बसले. सईचा आवाज हळूहळू उतरला आणि तीही घसरत खाली आली, त्या मुलीच्या दप्तराची शिवण उसवत बसली. ती मुलगी उसवू देत होती. वरकुटं आलं. "आमी नेतो तिला," ती म्हणाली. सई त्यांच्यामागून उतरली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

गाडी सुटली. मी खालीच होते, तळहात पेटलेला. कंडक्टर जवळ आला. "बाई, वर बसा. कुठलं देऊ?"

"वरकुटं."

"ते मागं गेलं की!"

"वरकुट्याचंच द्या," मी म्हणाले. "पोरगी तिथंच शिकणार आहे."