परसातली जवारी आन् शांताकाकूचे हात

मंडळी, आज मी शेजारच्या शांताकाकूवर लय जळली.

यंदा हौसेनं परसात जवारी पेरली होती. आज सकाळी कणसं काठीनं बडवली आन् सूप घेऊन पाखडाले बसली. भुसा माह्या डोळ्यात, दाणे मातीत! सासूबाई हसून राह्यल्या.

तेवढ्यात काकू आली. तिनं सूप घेतलं आन् चार झटक्यात भुसा उडवला, एक दाणा सांडला नाही. "याले म्हंतेत हात!" सासूबाई म्हणाल्या. मले रडूच आलं.

काकू मात्र दाण्यांचा वास घेत बसली. म्हणाली, "पोरी, मीच तुयावर जळून राह्यली. माह्या वावरात कापूसच कापूस. घरची जवारी हातात घेऊन किती वर्षं झाले!"

अर्धी जवारी मी तिच्या पदरात टाकली. तरी तिच्या हातांचा हेवा काही गेला नाही. तुम्ही कोणाच्या हातांवर जळता?