भाच्याचं जावळ

आमच्याकडे बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामा आल्याशिवाय न्हावी वस्तऱ्याला हात लावत नाही. भाच्याला मामा मी एकटाच.

कळंबहून बहिणीच्या सासरी तळेघरला निघालो, तेव्हा मला सर्दी-खोकला होता. मुलीने शाळेतून आणला, मग बायकोला झाला, मग मला. बायको म्हणाली, मास्क लावा, बाळ पाच महिन्यांचं आहे. मी मास्क घेतला आणि खिशात ठेवला. पाहुण्यांमध्ये तोंड बांधून बसलेला मामा बरा दिसणार नाही, असं वाटलं.

भाचा मांडीवर रडत होता. खोकला आला की मी मान वळवून तळहातावर खोकायचो आणि त्याच हाताने पुन्हा त्याचं डोकं धरायचो. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मामा, वस्तऱ्यापेक्षा तुमच्या खोकल्यालाच भ्यालंय पोरगं." सगळे हसले. मीही हसलो.

आठवडाभरात भाच्याने दूध सोडलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. मंचरच्या दवाखान्यात त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. घरात कुणाला सर्दी होती का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. दाजी नाही म्हणाले. त्यांच्या घरात खरंच कुणाला नव्हती. मोठ्या माणसाची साधी सर्दी एवढ्या लहान बाळाच्या थेट छातीत उतरते, खोकल्यातून जाते, हातावरूनही जाते, असं बाईंनी समजावलं. मी शेजारीच उभा होतो. माझा खोकला तोवर बरा झाला होता.

बाहेर बाकावर बहिणीची सासू तिला बोलत होती. जावळ काढल्यावर टोपडं बांधलं नाही, उघड्या डोक्याला वारं लागलं, आईला एवढंही कळू नये. बहीण खाली बघत होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी उठलो आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आलो. तेव्हा वाईटही वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

भाचा वाचला. पण हवा बदलली की अजून त्याची छाती वाजते, आणि दर वेळी सासू टोपड्याचा विषय काढते. गेल्या महिन्यात तसंच झालं, तेव्हा मी बहिणीला फोन करून सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मला तवाच ठावं व्हतं, दादा. पण चारचौघांत भावाला ऊठ कसं म्हनू?"

मी म्हणालो, उद्याच येतो आणि तुझ्या सासूला सगळं सांगतो.

पलीकडे भाचा खोकताना ऐकू येत होता.

"आता नगं," ती म्हणाली. "माहेरच्यानं दुखणं आणलं म्हन्तील, आन् ते जल्मभर ऐकावं लागंल मला. त्यापरीस टोपडंच ऱ्हाऊ दे."

मी बरं म्हणालो.