गिरणी जरा मारते

आमच्या पिठाच्या गिरणीत करंट यायचा, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. वरच्या पत्र्याच्या टोपात ज्वारी ओतताना हात लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या. त्यासाठी मी एक सागवानी पाट करून घेतला होता, खालून जुन्या टायरचं रबर ठोकलेला. पाटावर उभं राहायचं, मग दाणे ओतायचे. नवीन कोणी आलं की रांगेतल्या बायाच सांगायच्या, "पाटावर चढ वं माय, जरा मारते ते." त्या पाटाचा मला कोण अभिमान. एवढी काळजी घेणारी गिरणी साऱ्या नांदगाव खंडेश्वरात दुसरी नाही, असं मी तोंड वर करून सांगायची.

ती वर्षं अशी होती की कापूस घरात येऊनही हातात काही उरत नव्हतं. नवरा हंगामात अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला जायचा. घरची चूल आणि दोन पोरींची शाळा, सगळं गिरणीवर. त्यात लोडशेडिंग. लाइन आली की सगळे डबे घेऊन एकदमच यायचे.

अशाच एका गर्दीत अमरावतीहून वीज तपासणीचे साहेब आले. जवळच्या एका गावात गिरणीवर बाईला शॉक लागला होता, म्हणून तालुक्यातल्या सगळ्या गिरण्या पाहत फिरत होते. माझं डोकं तिथंच फिरलं. लाइन असते घटकाभर, आणि हा माणूस त्यातच वायरी चाचपत उभा.

बोर्डाला झाकण नव्हतं, बल्ब उघड्या वायरीवर लोंबत होता, बटणांवर पिठाचा थर. मला वाटलं, यावरच आता भाषण ऐकावं लागणार. पण साहेब म्हणाले, "हे महिन्याभरात करून घ्या. बल्बचं सवडीनं केलं तरी चालेल." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी पिशवीतलं तपासणीचं मीटर काढून त्याची वायर टोपाला लावली आणि विचारलं, "अर्थिंग कुठे आहे?"

"मोटर अकोल्याहून जुनीच आणली होती. तवापासून नाही," मी म्हटलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. काही दोष सवडीचे असतात, काही महिन्याभरात काढायचे, आणि काही असे की उभ्या उभ्या लाइन बंद करायची. नुसत्या मीटरवर ते ठरत नाही. तिथं हात कोण लावतं, अनवाणी लावतं का, त्याला धोका ठाऊक आहे का, हेही बघावं लागतं.

"मग आमचं महिन्याभराचं लिहा न," मी म्हटलं. "इथं सगळ्यायले ठाऊक आहे. पाट ठेवला आहे न मी."

साहेबांनी पाटाकडे पाहिलं. शेजारच्या शिलाईवाल्या आपाची पोर त्यावर टाचा उंचावून उभी होती. आपा मशीनवरून उठली की डबा भरायची, पण टोपात दाणे ओतायची हौस पोरीला. माझी धाकटी तिच्याच वर्गात.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं," साहेब म्हणाले.

मला वाटलं, हा मला शब्दात पकडून राहिला. मी चवताळलेच. "साहेब, काहून आमच्या पोटावर पाय देता? फिकीर नसती तं पाट कायले केला असता? अहो, माझ्या पोरीयले तं मी गिरणीचा उंबरठा ओलांडू देत नाही."

हे मी छाती पुढे काढून बोलले. माझा आवाज मुळातच मोठा, चालत्या गिरणीवरही रांगेच्या टोकापर्यंत गेला. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तरी मला समजलं नाही. आपानं पोरीच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "बेटी, नीचे उतर." तेव्हा समजलं.

साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. "मेन स्विच बंद करा ताई," एवढंच म्हणाले. पट्टा थांबला. आपा न दळलेली ज्वारी घेऊन गेली, तिच्यामागं बाकीच्याही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिरणी बंद पडली याचं रडू नंतर आलं. आधी शरम आली. साहेब येण्याच्या कितीतरी आधी मीच त्या करंटाचा हिशेब लावून ठेवला होता: माझ्या पोरींसाठी जिवावरचा, आणि लोकांच्या पोरींसाठी जरासा.

पुढं मोटर खोलून नवी वाइंडिंग केली. मागच्या अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, अर्थिंगचा पाइप पुरला. साहेब पुन्हा आले, मीटर लावलं, टोपावर आपला उघडा हात ठेवला आणि चालू करायला सांगितलं. आता तिथं खरोखर काही नव्हतं. ते मीही हात लावून पाहिलं होतं, दिवसातून कितीदा तरी.

बाया हळूहळू यायला लागल्या. आपा सगळ्यांत शेवटी आली, एकटीच.

"पोरीले नाही आणलं?" मी विचारलं.

"नाही आणलं भाभी."

"आता काही नाही वं आपा. हे पाह्य." मी टोपावर हात ठेवला.

"तुमचा हात नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. "तुमच्या धाकटीले बोलवा न. तिनं हात लावला की मी माझीले घेऊन येतो."

मी मागच्या दाराकडे तोंड करून पोरीला हाक मारली. ती धावत आली आणि उंबरठ्यावर थबकली. माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

"ये," मी म्हटलं. "आत ये."

तिनं पाय आत टाकला. पाय उघडा होता. मला सगळं ठाऊक होतं, खड्डा, मीठ, कोळसा, साहेबांचा हात, माझा हात. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब. चप्पल घालून ये."

आपानं ज्वारीचा डबा तसाच उचलला.