ताडी एक पेला

वसईजवळच्या निर्मळ गावच्या सालोमी तुस्कानोला लिहिता येत होतं, पण लिहायला कागद नव्हता. लढाईचे दिवस होते. कोरा कागद मिळालाच तर तो मुलांच्या शाळेला जायचा. म्हणून १९४४ साली तिची आई बेटी अंथरुणाला खिळली, तेव्हा सालोमीनं घरातल्या जुन्या लग्नपत्रिका खाली काढल्या. मुंबईच्या नातेवाइकांची ती जाड कार्डं, पाठीमागून कोरी. आई सांगायची आणि ही पेन्सिलीनं उतरवून घ्यायची.

"तांदूळ किती?"

"लागेल तेवढा."

"असं लिहून काय उपयोग? माप सांग."

"मी काय मापत बसले होते जन्मभर?" बेटी चिडायची. मग सालोमी आईच्या ओंजळीत तांदूळ ओतायची आणि ती ओंजळ पेल्यानं मापायची. शेवटी शेवटी ओंजळ थरथरायला लागली. मापात फरक पडू लागला तेव्हा सालोमीनं विचारणं थांबवलं. तोवर चोवीस कार्डं झाली होती. तळलेले फुगे, बाटलीचा मसाला, केळफुलाची भाजी, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. घरात पदार्थांना लग्नांवरून नावं पडली. "ॲन्सेल्मचं लग्न काढ" म्हटलं की सांदणांचं कार्ड निघायचं. सांदणं म्हणजे तांदळाचा रवा नारळाच्या दुधात कालवून, फुगवून, वाट्यांत उकडलेली. नाताळात ती हवीतच. आणि त्या कार्डाच्या चौथ्या ओळीत लिहिलं होतं : ताडी एक पेला. ताडी पडल्याशिवाय पीठ फुगत नसे.

बेटी गेली. पुढं सहा वर्षांनी दारूबंदी आली आणि ताडाच्या झाडांवरची मडकी उतरली. सांदणात एक पेला ताडी लागते, हे कायदा करणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. बायकांनी सोडा घालून पाहिला. सांदणं चपटी झाली, वर साबणासारखा वास. पुष्कळ घरांनी करणंच सोडून दिलं.

सालोमीनं सोडलं नाही. सारा पावसाळा ती पीठ वाया घालवत होती. पिकलं केळं घालून पाहिलं, पीठ काळं पडलं. उडदाची डाळ वाटून घातली, चव बदलली. शेवटी नारळपाण्यात साखर घालून एक दिवस ठेवलं आणि त्या पाण्यात रवा कालवला, तर पीठ दुपारपर्यंत भांड्याच्या काठाला आलं. तिनं नवं कार्ड लिहिलं. जुनं फाडलं नाही.

नाताळला चार दिवस असताना दारूबंदीचा जमादार दारात उभा राहिला. आंबूस वास येतो, असं कुणीतरी कळवलं होतं. त्यानं पिठाचं भांडं हुंगलं, फळी धुंडाळली आणि कार्डांचा डबा उघडला.

"ताडी एक पेला," त्यानं मोठ्यानं वाचलं. "वा! स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय."

भांडं आणि कार्ड दोन्ही वसईच्या कचेरीत गेलं. नवरा गॅब्रिएल वाडीतून धावत आला, तोवर सालोमी बैलगाडीत बसलीही होती.

कचेरीतला साहेब मुंबईकडचा, तरुण होता. "बाई, ताडी कुठून आणली?"

"ती ताडी नाही, नारळाचं पाणी आहे. कार्ड जुनं आहे, आईनं सांगितलेलं. तेव्हा तुमचा कायदा नव्हता."

"कार्डावर तारीख तर लग्नाची आहे. पाठीमागचं तेव्हाच लिहिलं, हे कशावरून?"

"कायद्यानंतर लिहिलं, हे तरी कशावरून?"

साहेबानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. सालोमी म्हणाली, "तुमच्याच आवारातला नारळ काढा. मी फुगवून दाखवते."

नारळ निघाला. साखर घातलेलं पाणी साहेबाच्या टेबलाखाली झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती रवा घेऊन आली, सगळ्यांसमोर पीठ कालवलं आणि व्हरांड्यात भांड्याशेजारी बसून राहिली. कारकून येता-जाता डोकावत होते. तीन वाजता पिठानं झाकण उचललं. जमादारानं दोनदा हुंगलं आणि तो बाजूला झाला.

"ठीक आहे," साहेब म्हणाला. "खटला नाही. फक्त कार्डावरची ती ओळ खोडा आणि घेऊन जा." त्यानं स्वतःचं पेन पुढं केलं.

"नाही खोडणार."

"अहो, एका ओळीचा प्रश्न आहे."

"माझ्या आईनं तसंच केलं होतं. ते मी खोटं कसं ठरवू?"

"मग कार्ड दप्तरात राहील."

घरी गॅब्रिएलनं समजावलं, "तुला सगळं पाठ आहे. दुसरं लिही."

"पाठ आहे म्हणून का त्यांच्याकडं ठेवू?"

नाताळ झाला. त्यानंतर दर सोमवारी सालोमी वसईला जाऊ लागली. गाडी मिळाली तर गाडीनं, नाहीतर पायी. कचेरीच्या बाकावर बसायची. साहेब येताना दिसला की उभी राहायची आणि म्हणायची, "माझं कार्ड." एवढंच. ना विनवणी, ना रडणं. कारकून हसायचे. चौथ्या सोमवारी त्यांचं हसणं थांबलं. सातव्या सोमवारी साहेबानं तिला पाहिलं, खुर्चीवर न बसताच दप्तर मागवलं आणि कार्ड तिच्या हातात दिलं. चौथ्या ओळीवर कुणीतरी लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती.

तिनं ते तिथंच पाहिलं. कारकुनाच्या टेबलावरचा टाक उचलला, शाईत बुडवला आणि रेघेच्या वर ठळक अक्षरांत पुन्हा लिहिलं : ताडी एक पेला. शाई वाळेपर्यंत ती फुंकर घालत उभी होती. साहेब बघत होता.

ही गोष्ट तिच्या आधी निर्मळला पोचली. दुसऱ्या आठवड्यात देवळाजवळच्या सावित्रीकाकू आल्या, पदराखाली जुनी लग्नपत्रिका घेऊन. मागून शेजारची क्लारा आली, मग गास गावाहून दोघी. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या सांगायच्या, सालोमी लिहून घ्यायची. त्यांच्याही ओंजळी ती पेल्यानं मापायची.

सावित्रीकाकूंनी केळ्याच्या लोणच्याची कृती सांगून झाल्यावर हळूच विचारलं, "यात कायद्याबाहेरचं काही नाही ना गं?"

"अजून तरी नाही," सालोमी म्हणाली. "मीठ किती, ते सांगा."